गोंधळाच्या क्षणी मूळ पाठाकडे

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिने महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत श्रीमती कोनेरू हम्पी यांच्यावर विजय मिळविला. पहिले दोन डाव बरोबरीत सुटल्यामुळे निकाल जलद डावांवर गेला. या विजयाबरोबरच अवघ्या १९ व्या वर्षी तिला ग्रँडमास्टर किताबही प्राप्त झाला. एवढ्या यशानंतर तिने सांगितले ते मात्र असे की, डावाचा शेवट कसा खेळावा हे आपल्याला अजून शिकले पाहिजे.

हा केवळ विनय नव्हे. पटावर मोजकीच मोहरी उरली की बुद्धिबळाचे मूळ नियम उघडे पडतात. एक राजा व एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, एवढ्याशा स्थितीतही चाल कोणाची आहे यावर विजय की बरोबरी हे ठरू शकते. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांनी १९२१ साली लिहिलेल्या ‘चेस फंडामेंटल्स’ या ग्रंथाचा आरंभ अशाच साध्या स्थितींनी होतो.

ताण आणि लक्ष

माणसाचे मन एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकते. ताण वाढला की अनेक उपाय एकदम सुचतात आणि प्रत्येक उपाय या तुटपुंज्या लक्षात वाटा मागतो. चांगल्या सरावातील मूलभूत कृतीला मात्र फारसे लक्ष द्यावे लागत नाही. म्हणून मुळाकडे परतणे म्हणजे प्रयत्न कमी करणे नव्हे, तर पर्याय कमी करणे होय.

श्री. सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींतील पाच डावांत त्यांच्या केवळ ८२ धावा झाल्या होत्या. जानेवारी २००४ मध्ये सिडनी येथे त्यांनी आपला आवडता कव्हर ड्राइव्ह बाजूस ठेवला, यष्टीबाहेरचे चेंडू सोडून दिले आणि दहा तासांहून अधिक काळ खेळून नाबाद २४१ धावा केल्या.

शस्त्रक्रियागृहातील तीन थांबे

हेच तत्त्व जीवनमरणाच्या कामातही उपयोगी पडते. ज्यांचे घराणे मूळचे विदर्भातील, ते अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबावयाचे. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, उपकरणांची मोजणी यांची खात्री करावयाची. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ च्या अहवालानुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. याउलट कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात यादी सक्तीची झाल्यानंतर लक्षणीय घट आढळली नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. यादीवर नुसत्या खुणा करणे आणि खरोखर थांबून पाहणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

नित्याच्या कामात

टेबलावर फायलींचा ढीग साचला असता प्रत्येक फाईल अर्धवट चाळण्याऐवजी प्रकरण कशाचे, मुदत कोणती आणि पुढील कार्यवाही कोणाकडे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी ढिगाची यादी होते. अपूर्णांकात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी उदाहरणे देण्यापेक्षा भागाकाराकडे परत नेणे शिक्षकाला अधिक फलदायी ठरते.

अर्थात, मूळ पाठ हा मुक्कामाचा गाव नव्हे. श्री. तेंडुलकर यांच्या बॅटीतून कव्हर ड्राइव्ह पुढे पुन्हा निघालाच. पाय स्थिर होईपर्यंत तो बाजूस ठेवण्याचा संयम मात्र त्यांना आधी दाखवावा लागला.