चित्राची सहा अंगे

चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक बहुधा दोन प्रश्न विचारतो. हे चित्र कशाचे आहे, हा पहिला. आणि ते हुबेहूब उतरले आहे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, परंतु त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे चित्र पाहून झाले, असे मात्र नव्हे. वाक्याचा अर्थ जसा शब्दांवर आणि त्या शब्दांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असतो, तसाच चित्राचा अर्थ काही मूलघटकांवर आणि त्यांच्या रचनेवर अवलंबून असतो. रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश हे चित्राचे मूलघटक होत. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि एकता ही त्यांच्या रचनेची तत्त्वे होत. कलाशाळांतून ही नावे विद्यार्थ्यांना आज शिकविली जातात.

भारतात हा विचार नवा नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांमध्ये आलेख्याची, म्हणजे चित्रकलेची, गणना केलेली आहे. तेराव्या शतकात यशोधर पंडिताने या ग्रंथावर ‘जयमंगला’ ही टीका लिहिली आणि तीत चित्राची सहा अंगे सांगितली : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यशोधराने ही नावे केवळ नोंदविली आहेत. त्यांचे सविस्तर विवेचन केलेले नाही. परंतु ‘अंग’ हा शब्दच पुष्कळ काही सांगून जातो. अंग शरीरापासून तोडले की ते अंग राहत नाही. त्याचप्रमाणे या सहांपैकी कोणतेही एक अंग एकट्याने चित्र घडवू शकत नाही, आणि कोणत्याही एकाच अंगाच्या मापाने चित्राची पारखही करता येत नाही.

याहून विस्तृत विवेचन विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील ‘चित्रसूत्र’ या भागात आढळते. तेथे वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकलेचे ज्ञान मागतो. ऋषी सांगतात की, चित्रकला जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणार नाही, वाद्यांवाचून नृत्य कळणार नाही आणि गीतावाचून वाद्ये कळणार नाहीत. या संवादाचा गाभा असा की, चित्रातील स्थिर रेषेत नृत्याची गती आणि गीताची लय असावी लागते. एकोणीसशे वीसच्या दशकात स्टेला क्रामरिश यांनी चित्रसूत्राचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्यानंतर या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष विशेषत्वाने वेधले गेले.

रूपभेद आणि रेषा

रूपभेद म्हणजे एका रूपाचे दुसऱ्या रूपाहून असलेले वेगळेपण ओळखणे आणि ते दाखविणे. हे कार्य प्रामुख्याने रेषा करते. निसर्गात वस्तूंभोवती रेषा नसतात; चित्रकार वस्तूची कड निवडतो आणि त्या निवडीतून तिचे स्वरूप सांगतो. चित्रसूत्रात रसिकांचे मार्मिक वर्गीकरण केलेले आहे : आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार छटांची, स्त्रिया अलंकारांची आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची. या वर्गीकरणात त्या काळची समाजदृष्टी डोकावते हे खरे. तथापि रेषेला दिलेले अग्रस्थान भारतीय चित्रांच्या दीर्घ परंपरेला धरूनच आहे.

अजिंठ्याचे चित्रकार भिंतीवर प्रथम तांबड्या रंगाने आराखडा काढीत, त्यावर रंग भरीत आणि अखेरीस तपकिरी किंवा काळ्या रेषेने आकार पुन्हा पक्का करीत. ही शेवटची रेषा एकसारख्या जाडीची नसते; जेथे अंगाला भार किंवा वळण आहे तेथे ती जाड होते आणि जेथे अंग कोमल आहे तेथे बारीक होते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या काळीघाट मंदिराजवळ पटुआ चित्रकार गिरणीच्या स्वस्त कागदावर जलद हाताने चित्रे काढीत असत. त्यांतही कुंचल्याचा एकच वळणदार फटकारा खांद्यापासून कोपरापर्यंतचा गोलावा उभा करतो. काळ, स्थळ आणि साधने भिन्न असली तरी रेषेवरील विश्वास तोच आहे.

प्रमाण

प्रमाण म्हणजे मोजमाप. चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांची उंची अंगुलांत दिली आहे : हंस १०८, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. बारा अंगुलांचा एक ताल. या हिशेबाने हंसपुरुषाची उंची नऊ ताल भरते. हे अंगुल त्या त्या आकृतीचेच असल्यामुळे मूर्ती वीतभर असो वा दोन पुरुष उंच असो, तिचे अवयव परस्परांशी सुसंगत राहतात.

परंतु प्रमाण येथेच संपत नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धासमोर एक माता आपल्या बालकाला पुढे करून उभी असल्याचे चित्र आहे. ती माता यशोधरा आणि बालक राहुल असे मानले जाते. बुद्धाची आकृती प्रचंड, तर मायलेकांच्या आकृती अगदी लहान आहेत. मोजपट्टी लावून पाहिल्यास हे प्रमाण चुकीचे ठरेल. चित्राच्या दृष्टीने मात्र तेच अचूक आहे; कारण जो गृहस्थाश्रमाच्या पलीकडे गेला आहे त्याच्यात आणि त्याच्या मागे राहिलेल्यांत पडलेले अंतर या प्रमाणातूनच दिसते. ज्या तत्त्वाला आज प्राधान्य असे म्हणतात, ते येथे प्रमाणाच्या द्वारे साधले आहे.

अवकाशाची गोष्टही अशीच आहे. मेवाडच्या जगतसिंह राणाच्या आश्रयाने १६४९ ते १६५३ या काळात रामायणाची सचित्र पोथी तयार झाली. तिच्या काही कांडांची चित्रे साहिबदीन या चित्रकाराने काढली. या चित्रांत राम एकाच पानावर एकाहून अधिक वेळा दिसू शकतो आणि प्रत्येक वेळी कथेतील निराळा क्षण घडत असतो. प्रेक्षकाने एका ठिकाणी खिळून पाहावे अशी येथे अपेक्षा नाही. त्याची दृष्टी पानावरून चालत जावी आणि कथा तिच्याबरोबर पुढे सरकावी, अशी ही योजना आहे.

भाव आणि लावण्य

भाव म्हणजे मनाची अवस्था. ती देहाच्या ठेवणीतून प्रकट होते. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ओळखले जाणारे चित्र आहे. पती नंद भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून व्याकूळ झालेली सुंदरी त्यात रंगविली आहे, असे अभ्यासक मानतात. तिची मान कललेली आहे, पापण्या मिटत चालल्या आहेत आणि दासी तिला सावरून धरीत आहे. आक्रोश कोठेही नाही. बाहेर नंदाचा मुकुट घेऊन उभा असलेला सेवक आणि आत कोसळणारा देह, या दोहोंच्या मांडणीतच शोक भरलेला आहे.

लावण्य या शब्दाच्या मुळाशी लवण, म्हणजे मीठ, आहे. अन्नात मीठ दिसत नाही, पण ते कमी किंवा अधिक झाले की लगेच कळते. भावाला संयमाची जोड देऊन त्याला मोत्याच्या पाण्यासारखी झळाळी आणणे, हे लावण्ययोजनाचे कार्य होय. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रात हे उत्तम प्रकारे पाहावयास मिळते. डोक्यावर रत्नजडित मुकुट आहे, भोवती माणसे, वानरे आणि मोर यांची गर्दी आहे. तरीही खाली झुकलेली दृष्टी आणि हातातील निळे कमळ यांपाशी सारे चित्र शांत होते.

सादृश्य

सादृश्याचा अर्थ नक्कल असा घेतल्यास भारतीय चित्रे नेहमीच सदोष वाटतील. येथे सादृश्य म्हणजे एका वस्तूतील गुण दुसऱ्या वस्तूत ओळखणे. हात हत्तीच्या सोंडेसारखा, डोळा मासोळीसारखा किंवा कमळाच्या पाकळीसारखा, कटी डमरूसारखी : कवींच्या या उपमा चित्रकारांनी आकारांत उतरविल्या. सोंडेसारखा हात काढताना त्यातील हाडे आणि सांधे लपतात. परंतु खांद्यापासून बोटांपर्यंत उतरत गेलेली सलग गती प्रकट होते. अवनींद्रनाथ ठाकुरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात षडंगांवर आणि भारतीय मूर्तींच्या शरीररचनेवर जे लेखन केले, त्यात हा मुद्दा रेखाटनांसह स्पष्ट केला आहे.

अर्थात निरीक्षणाला येथे कमी लेखलेले नाही. निजलेल्या माणसात प्राण दिसावा आणि मृतात तो दिसू नये, लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका वाऱ्याच्या गतीने हलताना दिसाव्यात. ज्याला हे साधते तोच चित्र जाणतो, असे चित्रसूत्रात सांगितले आहे.

वर्णिकाभंग

सहावे अंग रंगांचे आणि कुंचल्याच्या कौशल्याचे आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांजवळ रंग थोडेच होते : तांबडी आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दूरदेशीच्या लाजवर्दाचा निळा. एवढ्याच साहित्यातून त्यांनी विपुल छटा निर्माण केल्या. छटा देण्याच्या क्रियेला चित्रसूत्रात ‘वर्तना’ म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : पानावरील शिरांसारख्या रेषांची, अतिसूक्ष्म रेषांची आणि बिंदूंची. ही छाया एखाद्या खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाने पडलेली नसते. पद्मपाणीच्या नाकाच्या दांड्यावर आणि ओठांवर जी उजळ छटा आहे, तिचा उगम कोणत्याही दिव्यात शोधता येत नाही. आकाराला उठाव देणे एवढेच तिचे प्रयोजन आहे. याउलट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसोहलीच्या चित्रकारांनी सपाट पिवळा आणि तांबडा रंग शेजारी ठेवून विरोधातूनच तेज साधले. पाचूंच्या जागी त्यांनी भुंगेऱ्याच्या चकाकत्या पंखांचे तुकडे चिकटविले.

मापदंडाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथे कलाशाळा स्थापन झाल्या. युरोपीय मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश आणि यथादर्शन शिकविणे, ही तेथील प्रचलित पद्धत होती. ते ज्ञान मोलाचे होते, परंतु तोच एकमेव मापदंड ठरला तेव्हा भारतीय चित्र म्हणजे न साधलेले युरोपीय चित्र, अशी समजूत सुशिक्षित भारतीयांतही रुजली. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्यात प्रतिकृती काढल्या. त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. रॉबर्ट गिल यांच्या त्याआधीच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये तेथेच आगीत नष्ट झाल्या होत्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार अजिंठ्यास गेले. नंदलालांच्या पिढीने तेथील रेषेकडे गुरू म्हणून पाहिले.

तरीही षडंगांना नियमांचे जोखड मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. अंगुलांची मापे अचूक पाळूनही निर्जीव राहिलेल्या मूर्ती थोड्या नाहीत. व्याकरणाने काव्य निर्माण होत नाही, परंतु भाषा जाणल्यावाचून काव्य कळतही नाही. सहा अंगांचे साहाय्य मुख्यतः पाहणाऱ्याला होते. रेषा कोठे जाड झाली, कोणती आकृती मोठी का काढली, प्रकाश कोठून आला, असे प्रश्न जो चित्राला विचारतो, त्याला चित्र आपली उत्तरे देऊ लागते. अजिंठ्याच्या भिंतींवरील गिलावा पुष्कळ ठिकाणी गळून पडला आहे आणि रंग मंदावत आहेत. जे उरले आहे ते डोळसपणे पाहणे, हाही त्याच्या जतनाचाच एक भाग होय.