गटाची वेबसाइट किती दिवसांत होईल?

मैत्रिणींनो, गटातल्या बायका एकमेकींशी बोलतील, फोटो टाकतील अशी वेबसाइट 'पंधरा दिवसांत करून देतो' म्हणणारा भेटला, तर आगाऊ पैसे देण्याआधी जरा थांबू या. तो खोटंच बोलतो असं नाही. फेसबुकचं पहिलं रूप २००४ च्या जानेवारीत लिहायला घेतलं आणि ४ फेब्रुवारीला सुरूही झालं. पण ते फक्त हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुरतं. सगळ्यांना खुलं व्हायला सप्टेंबर २००६ उजाडला, आणि लाइकचं बटण तर २००९ मध्ये आलं!

म्हणजे 'किती दिवस' विचारण्याआधी 'काय काय हवं' ते ठरवायचं. नावनोंदणी, विसरलेला पासवर्ड, फोटो, निरोप, प्रत्येकाचे दिवस वेगळे विचारू या. हमखास राहून जातं ते एक: कुणी घाणेरडा फोटो टाकला तर काढणार कोण, किती वेळात? ही तक्रारीची सोय आधी, रंगरंगोटी मागाहून. स्वस्तातल्या फोनवर, गावच्या रेंजमध्ये दहाजणींनी वापरून बघायचे दिवसही धरायचेच. पैसे हप्त्याने, चालतं काम बघून. आणि वेबसाइटचा पत्ता गटाच्याच नावावर नोंदलाय ना, तेही विचारू या.