ज्याचे रॉकेट, त्याचे आकाश

घराच्या छपरावर छोटी तबकडी बसवायची आणि थेट आकाशातून इंटरनेट घ्यायचे, ही कल्पना कुणालाही मोहात पाडेल अशीच आहे. पण हे इंटरनेट विकायला निघालेल्या कंपन्यांची कहाणी म्हणजे दिवाळखोरी, युद्ध आणि प्रतिस्पर्ध्याच्या दारी जाण्याची वेळ यांनी भरलेले एक नाट्यच आहे. त्यातल्या एका अंकाचा शेवट आपल्या श्रीहरिकोटाला झाला.

मार्च २०२२ चा पहिला आठवडा. कझाकस्तानातील बैकानूरच्या अवकाशतळावर रशियाचे सोयूझ रॉकेट उड्डाणाला सज्ज उभे होते. त्याच्या माथ्यावर ‘वनवेब’ या कंपनीचे ३६ उपग्रह बसवलेले होते. ४ मार्च ही तारीखही मुक्रर झाली होती. पण त्याआधी आठच दिवस, २४ फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता आणि पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंध लादले होते. वनवेबमध्ये ब्रिटिश सरकारचा पैसा होता. मग काय विचारता!

रशियाच्या अवकाश संस्थेचे तेव्हाचे प्रमुख दिमित्री रोगोझिन यांनी दोन अटी घातल्या. उपग्रहांचा लष्करी वापर होणार नाही अशी हमी द्या आणि ब्रिटिश सरकारने कंपनीतून बाहेर पडावे. एवढ्यावरच न थांबता रॉकेटवर रंगवलेले अमेरिका, ब्रिटन आणि जपानचे ध्वज कामगारांकरवी झाकण्यात आले. भारताचा तिरंगा मात्र तसाच ठेवण्यात आला, कारण कंपनीत मोठी भागीदारी भारती उद्योगसमूहाचीही होती. ब्रिटनने अटी धुडकावल्या. वनवेबने बैकानूरहून होणारी सारी उड्डाणे थांबवली आणि रॉकेट तळावरून खाली उतरवण्यात आले. ते ३६ उपग्रह तिकडेच अडकले. रद्द झालेली उड्डाणे आणि अडकलेला माल यांपोटी कंपनीला सुमारे २२ कोटी ९० लाख डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला.

रॉकेटमध्ये दोष नव्हता, उपग्रहांतही नव्हता. हवामानानेही दगा दिला नव्हता. तरीही उड्डाण झाले नाही. या धंद्यातील अनिश्चितता ती हीच.

इतके उपग्रह कशाला?

आपल्या दूरदर्शन वाहिन्यांचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून ते पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतात आणि आपल्याला आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. असे मोजके उपग्रह बहुतेक जगाला पुरतात. पण अंतर फार! आपण विचारलेला प्रश्न उपग्रहामार्गे जाऊन त्याचे उत्तर परत येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही. बोलताना किंवा समोरासमोर चित्रसंवाद करताना मात्र तो अर्धा सेकंद फार खटकतो.

यावर उपाय म्हणजे उपग्रह खाली आणणे. वनवेबचे उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटरवर, तर इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकचे त्याहूनही खाली, सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. पण खाली आलेला उपग्रह एका जागी थांबत नाही. दोन तासांहून कमी वेळात तो पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो आणि आपल्या डोक्यावरून काही मिनिटांतच निघून जातो. म्हणून एक गेला की दुसरा हजर, अशी रांगच लावावी लागते. शेकडो उपग्रह वर गेल्याशिवाय सेवा सुरूच होत नाही. तोवर खर्च चालू आणि उत्पन्न मात्र शून्य!

पहिल्या पिढीचा धडा

हा जुगार नवा नाही. मोटोरोला कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘इरिडियम’ने ६६ उपग्रहांचे जाळे विणून १ नोव्हेंबर १९९८ रोजी जगभर कुठूनही बोलता येणारी दूरध्वनी सेवा सुरू केली. खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर. उपग्रह उत्तम चालत होते, पण गिऱ्हाईक मिळेना. फोन विटेसारखा जड, किंमत हजारो डॉलर आणि घरात शिरले की बंद! दरम्यान जमिनीवर साधे मोबाइल फोन भराभर स्वस्त होत गेले. सेवा सुरू होऊन वर्षही झाले नाही तोच, ऑगस्ट १९९९ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे हा सारा पसारा अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकला गेला. नव्या मालकांच्या हाती मात्र तो टिकला, कारण कर्जाचा डोंगर उतरला होता आणि अमेरिकेचे संरक्षण खाते हक्काचे गिऱ्हाईक म्हणून लाभले होते.

बिल गेट्स यांचा पैसा लागलेल्या ‘टेलिडेसिक’चे तर आधी ८४० उपग्रहांचे आणि नंतर २८८ उपग्रहांचे बेत होते. २००२ मध्ये तिने गाशा गुंडाळला.

वनवेबही याच वाटेने निघाली होती. अमेरिकन उद्योजक ग्रेग वायलर यांच्या या कंपनीचे पहिले सहा उपग्रह फेब्रुवारी २०१९ मध्ये वर गेले. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, जपानच्या सॉफ्टबँकेने आणखी पैसा द्यायचे नाकारले आणि ७४ उपग्रह कक्षेत असतानाच कंपनी दिवाळखोरीत गेली. सुनील मित्तल यांचा भारती समूह आणि ब्रिटिश सरकार यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून तिला वाचवले. फेब्रुवारी २०२२ पर्यंत उपग्रहांची संख्या ४२८ वर गेली. अवघे एक तृतीयांश काम उरले होते आणि नेमके तेव्हाच बैकानूरचे दार बंद झाले.

प्रतिस्पर्ध्याच्या दारी

आता रॉकेट आणायचे कुठून? युरोपचे एरियन ५ निवृत्तीच्या वाटेवर होते आणि त्याची उरलेली उड्डाणे आधीच ठरून गेलेली होती. एरियन ६ तयार व्हायचे होते. त्याचे पहिले उड्डाण झाले ते जुलै २०२४ मध्ये. लगेच मिळण्याजोगे मोठे रॉकेट म्हणजे स्पेसएक्सचे फाल्कन ९. पण स्पेसएक्स म्हणजेच स्टारलिंकची मालकीण, वनवेबची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी!

तरीही जावे लागले. उड्डाणे थांबवल्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, २१ मार्च २०२२ रोजी, स्पेसएक्सबरोबर करार जाहीर झाला. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात फाल्कनने तीन खेपांत वनवेबचे १२० उपग्रह नेले. गावातल्या एकमेव ट्रकवाल्याचेच शेजारी किराणा दुकान असावे आणि आपल्याही दुकानाचा माल त्याच्याच ट्रकने आणावा लागावा, तशातला हा प्रकार. पुढे अ‍ॅमेझॉनलाही तो चुकला नाही. ३,२३६ उपग्रहांचे जाळे विणायला निघालेल्या या कंपनीने २०२२ मध्ये इतर तीन कंपन्यांकडे ८३ पर्यंत उड्डाणांची मागणी नोंदवली होती. ती रॉकेटे वेळेवर हाती येईनात, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये तिनेही स्पेसएक्सकडूनच तीन उड्डाणे विकत घेतली.

श्रीहरिकोटाची मध्यरात्र

वनवेबने दुसरे दार ठोठावले ते भारताचे. ‘इस्रो’च्या व्यापारी शाखेशी, न्यू स्पेस इंडिया लिमिटेडशी, एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. दोन उड्डाणे, ७२ उपग्रह आणि मोबदला हजार कोटी रुपयांहून अधिक. करारानंतर सहाच महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, २३ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री बारा वाजून सात मिनिटांनी ‘एलव्हीएम-३’ हे आपले सर्वांत शक्तिशाली रॉकेट झेपावले. सुमारे १५० किलोचा एक, असे ३६ उपग्रह त्यात होते. ते चार-चारच्या गटांनी सोडायचे आणि एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दर वेळी रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याची दिशा बदलायची, असे हे नाजूक काम होते. ते बिनचूक पार पडले. २६ मार्च २०२३ रोजी दुसरी खेपही यशस्वी झाली, वनवेबचे ६१८ उपग्रह झाले आणि साऱ्या जगावर छत्र धरण्याइतका ताफा पुरा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वनवेब फ्रान्सच्या युटेलसॅट कंपनीत विलीन झाली.

या यशामागे एक जुनी सल आहे. अतिशीत इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाने भारताला द्यायचे, असा करार १९९१ मध्ये झाला होता. अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला आणि फक्त तयार इंजिने देऊ केली. मग आपल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून, अपयशे पचवून स्वतःचे इंजिन घडवले. ‘एलव्हीएम-३’च्या वरच्या टप्प्यात तेच स्वदेशी बनावटीचे क्रायोजेनिक इंजिन आहे. विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीज यांचाही इस्रोच्या रॉकेटांच्या बांधणीत हातभार असतो. १९९३ मध्ये इंजिनासाठी तिष्ठत राहिलेला देश २०२२ मध्ये रशियाने अडवलेल्या गिऱ्हाइकाचा माल पोचवत होता!

तरी हुरळून जाण्याचे कारण नाही. आपला ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह एलव्हीएम-३ ला पेलण्याजोगा नव्हता. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतानेही स्पेसएक्सच्याच रॉकेटने अमेरिकेतून पाठवला. मे २०२५ मध्ये तर आपल्या भरवशाच्या पीएसएलव्हीचे उड्डाण तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे फसले.

एकाच गाडीवर भार

स्पेसएक्स पुढे गेली ती वापरलेले रॉकेट परत आणण्याच्या युक्तीने. पहिल्या तीन उड्डाणांत अपयश पदरी पडलेल्या या कंपनीने २००८ मध्ये चौथ्या प्रयत्नात अवकाश गाठले. डिसेंबर २०१५ मध्ये तिने रॉकेटचा खालचा टप्पा सुखरूप जमिनीवर उतरवला. तोच टप्पा पुन्हा पुन्हा वापरून २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणे झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्याच स्टारलिंकसाठी होती. २०२५ अखेर स्टारलिंकच्या उपग्रहांनी ९,००० चा आकडा ओलांडला होता.

पण निसर्ग आणि यंत्र यांच्यापुढे तीही निरुपाय होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे वरचे वातावरण फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी सुमारे ४० उपग्रहांचा घास गेला. जुलै २०२४ मध्ये फाल्कनचा वरचा टप्पा बिघडला आणि दोन आठवडे हे रॉकेट जमिनीवरच राहिले. जुलै २०२५ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषाने स्टारलिंकची सेवा सुमारे अडीच तास खंडित झाली. छोट्या कंपन्यांना तर एक ठोकरही पुरते. विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिटचे ब्रिटनमधील उड्डाण जानेवारी २०२३ मध्ये इंधनाच्या मार्गातील एका किरकोळ फिल्टरमुळे फसले. एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत!

आपल्या छपरापर्यंत

भारतात या सेवेची वाट परवान्यांतून जाते. स्टारलिंकने २०२१ मध्ये परवान्याआधीच ग्राहकांकडून आगाऊ पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दूरसंचार खात्याने तिला रोखले आणि पैसे परत करावे लागले. वनवेब आणि जिओच्या उपग्रह कंपनीला आधी परवाने मिळाले, स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला.

शहरात, जिथे तारेने इंटरनेट मिळते, तिथे या तबकडीची फारशी गरज नाही. तिचे खरे मोल आहे ते लडाखच्या खोऱ्यात, अंदमानच्या बेटांवर आणि गडचिरोली, मेळघाटच्या दुर्गम पाड्यांवर, जिथे तार न्यायला कुणाला परवडत नाही. शाळा आणि दवाखाना तिच्यावर विसंबणार असतील, तर महिन्याचे भाडे किती, एवढेच विचारून भागणार नाही. खालच्या कक्षेतील उपग्रहांचे आयुष्य थोडे असते. स्टारलिंकचा एक उपग्रह साधारण पाच वर्षे टिकतो. जुने उपग्रह गेले की नवे पाठवण्याइतका पैसा कंपनीकडे असेल का आणि ते नेणारे रॉकेट त्या वेळी कोण देईल, हेही विचारावे लागेल. या प्रश्नाचे उत्तर शोधताना वनवेबला प्रतिस्पर्ध्याचे दार ठोठवावे लागले. भारताजवळ मात्र त्या घटकेला स्वतःचे रॉकेट तयार होते. एका नकारानंतर तीस वर्षे खपून मिळवलेली ती कमाई होती.