ब्रिस्बेनचा दूरचा प्रवास : नियोजनाचा उलटा क्रम

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाण्याचा योग आता अनेक घरांत येतो. अशा वेळी प्रथम तिकिटाचा दर पाहिला जातो आणि उरलेल्या गोष्टी सवडीने ठरतात. प्रवास लांबचा असेल, तर हा क्रम उलटा करणे हिताचे ठरते. ज्या दिवशी आपल्याला तेथे प्रसन्न चित्ताने उपस्थित राहायचे आहे, त्या दिवसापासून मागे मोजत यावे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याची राजधानी ब्रिस्बेन हे याचे चांगले उदाहरण होय.

ऋतू आणि घड्याळ

ब्रिस्बेन मकरवृत्ताच्या दक्षिणेस, उपोष्ण कटिबंधात वसले आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी तेथे दमट उकाडा व गडगडाटी पाऊस असतो. जून ते ऑगस्ट हवा कोरडी व सुखद असली, तरी रात्री स्वेटर लागतो. तेथील घड्याळ वर्षभर आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. सिडनीत मात्र ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ते आणखी एक तास पुढे केले जाते. सिडनीमार्गे जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

समजा, मुंबईहून गुरुवारी रात्री साडेअकराला निघालो. सिंगापूरपर्यंत सुमारे साडेपाच तास, तेथे तीन तासांची प्रतीक्षा आणि पुढे सुमारे आठ तास असा हिशेब केला, तर ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत शुक्रवारची रात्र होते. म्हणून रविवारचा समारंभ गाठायचा असेल, तर गुरुवारचे प्रस्थान हीच शेवटची सोयीची वेळ समजावी.

तिकीट एकच असावे

दोन विमान कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे कधी स्वस्त पडतात. परंतु पहिल्या विमानास उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर पर्यायी आसन देण्याचे बंधन सहसा नसते. शिवाय सामान मध्येच घेऊन पुन्हा सोपवावे लागले, तर त्या देशात प्रवेशाची परवानगीही लागू शकते. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घेतल्यास ही जोखीम बरीच कमी होते. वयोवृद्धांसाठी चाकांच्या खुर्चीची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी.

व्हिसा, औषधे व खाऊ

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. वयस्कर अर्जदारांकडे वैद्यकीय तपासणी मागितली जाऊ शकते, म्हणून पुरेसे आठवडे हाती ठेवावेत. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. दावा नाकारला जाण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवावीत. विमानात अधूनमधून उठून चालावे व पाणी पीत राहावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांची तपासणी कडक असते. ताजी फळे, भाज्या व बिया नेऊच नयेत. लोणची, लाडू, मसाले यांसारखे जे काही सोबत असेल, ते आगमनपत्रावर अवश्य लिहावे. नोंदवलेली वस्तू नियमात बसली नाही, तर ती ठेवून घेतली जाते. लपवलेली सापडल्यास मोठा दंड होऊ शकतो.

पैशांची व्यवस्था

उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येते. ऑस्ट्रेलियाच्या प्रवासासाठी त्यातील रोख नोटा ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच घेता येतात. उरलेली रक्कम ऑस्ट्रेलियन डॉलर भरलेल्या प्रवासी कार्डावर ठेवणे सोयीचे. परकीय चलनाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर ती रोखीने देता येत नाही. परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत बँकेस परत कराव्या लागतात. २,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटा जवळ ठेवता येतात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड आरंभी केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू असते. परदेशातील वापराची सुविधा ग्राहकाने स्वतः चालू करावी लागते. तसेच ओटीपी भारतातील मोबाइल क्रमांकावर येतो, म्हणून रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे.

या साऱ्या गोष्टी ठरल्या, की मग तिकिटाचे दर पाहावेत. स्वस्त तिकिटापेक्षा निर्विघ्न पोहोचणे अधिक मोलाचे, हे अशा वेळी स्वच्छ दिसते. निघण्यापूर्वी एकदा आपल्या शाखेत येऊन परकीय चलनाचे व करकपातीचे त्या वेळचे नियम जरूर विचारून घ्यावेत. आपला प्रवास सुखाचा होवो!