तिसरे चाक आणि उतारवय

मोटरसायकल चालवणाऱ्याच्या शरीराची परीक्षा वेगात होते असा सर्वसाधारण समज असला, तरी साठी ओलांडल्यावर त्याचा खरा कस गाडी थांबताना लागतो. धावती दुचाकी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच सांभाळते. ती सिग्नलपाशी उभी राहिली, की तिला पेलण्याचे काम चालकाच्या पायांवर येते. अमेरिकेत लांबच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘टूरिंग’ मोटरसायकलींचे वजन ४०० किलोच्या आसपास असते आणि उभ्या अवस्थेत अशी गाडी किंचित कलली तर सावरता येत असली, तरी कल जसा वाढतो तसा गुडघ्यावर व कमरेवर येणारा ताण झपाट्याने वाढतो, इतका की एका मर्यादेनंतर ती आवरणे धडधाकट तरुणालाही जमत नाही. मागे जोडीदार बसलेला असेल किंवा पायाखाली वाळू असेल, तर ती मर्यादा आणखी अलीकडे येते. संधिवात, खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया, घटत जाणारे स्नायूबळ आणि शरीराच्या तोलाची खबर मेंदूला देणाऱ्या अंतर्कर्णाची मंदावलेली जाणीव या गोष्टी एकत्र येतात, तेव्हा अनेक जुने चालक मोटरसायकल सोडण्याऐवजी ‘ट्राइक’कडे, म्हणजे मोटरसायकलसारखेच हँडल व बैठक असलेल्या तीनचाकी गाडीकडे, वळतात.

हे वळणे अमेरिकेत ठळकपणे दिसते, याचे कारण तेथील चालकवर्गच वयस्क होत गेला आहे. मोटरसायकल इंडस्ट्री कौन्सिल या उद्योगसंघटनेच्या पाहण्यांनुसार मालकांचे मध्यवय, म्हणजे ज्याच्या अलीकडे निम्मे व पलीकडे निम्मे मालक येतात ते वय, १९९० मध्ये ३२ वर्षे होते आणि २०१८ मध्ये ते ५० वर गेले. हार्ली-डेव्हिडसन या कंपनीने १९३२ ते १९७३ या काळात ‘सर्वी-कार’ नावाची तीनचाकी बनवली होती खरी, पण ती कष्टकरी गाडी होती: गॅरेजचा मेकॅनिक तीवरून ग्राहकाकडे जाई, ग्राहकाच्या मोटारीमागे ती जोडून मोटार घेऊन परते, आणि पुढे पोलिसांनीही ती पार्किंगच्या बंदोबस्तासाठी वापरली. हौशी ट्राइक दीर्घकाळ छोट्या कारखान्यांतच घडत राहिली. होंडाच्या ‘गोल्ड विंग’सारख्या गाडीचे मागचे चाक काढून त्या जागी दोन चाकांचा सांगाडा बसवून दिला जाई. हार्लीने २००९ च्या श्रेणीत ‘ट्राय ग्लाइड’ ही कारखान्यातूनच तयार होऊन येणारी ट्राइक आणली. तिचे वजन साडेपाचशे किलोच्या वर आहे, पण ते पायावर येत नसल्यामुळे चालकाला त्याची फिकीर करावी लागत नाही.

चाकांच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत. पुढे एक व मागे दोन चाके असलेली मांडणी दिसायला मोटरसायकलला जवळची असते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागत असल्याने तिच्या मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो. पुढे दोन व मागे एक ही उलट मांडणी कॅनडातील बीआरपी कंपनीच्या ‘कॅन-ॲम स्पायडर’ने २००७ पासून लोकप्रिय केली. निवड पुष्कळदा दिसण्यावरून होते, आणि ते बरे नाही, कारण वळणात ब्रेक लावला असता शरीर पुढे व बाहेर फेकले जाते, नेमक्या त्याच बाजूला पहिल्या मांडणीत आधार निमुळता असतो, तर दुसरीत तो रुंद असतो.

तथापि नव्याने ट्राइक घेणाऱ्याला सर्वाधिक अडचण होते ती त्याच्या अनुभवाचीच. दुचाकी वेगात असताना उजवीकडे वळण्यासाठी हँडलची उजवी मूठ पुढे रेटावी लागते. त्यामुळे पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे झुकते आणि झुकाव्याच्या जोरावर वळण घेते. काउंटरस्टीअरिंग नावाने ओळखली जाणारी ही क्रिया वर्षानुवर्षांच्या सवयीने इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती आपण करतो हेही अनेक चालकांना ठाऊक नसते. ट्राइक झुकत नाही, तिचे पुढचे चाक जिकडे वळवावे तिकडेच ती जाते, म्हणून उजवी मूठ रेटली तर गाडी डावीकडे निघते. शांतपणे चालवताना हा फरक काही दिवसांत आत्मसात होतो. प्रश्न येतो तो समोर अचानक काही आडवे आल्यावर, जेव्हा हात विचाराआधी हालतो आणि जुन्याच सवयीने हालतो. शिवाय दुचाकीवर वळणातील जोर झुकाव्यामुळे बैठकीत सामावतो, तर ट्राइकवर तो चालकाला बाहेरच्या बाजूला ढकलतो, आतले चाक हलके करतो, आणि वेग जास्त असेल तर उचलतोही. म्हणून अंग आतल्या बाजूला कलवून वळणाआधीच वेग उतरवावा लागतो. हँडल जड लागते, त्यामुळे रूपांतरित गाड्यांत पुढच्या फोर्कचा कोन बदलून ते हलके केले जाते; खांदे दुखणाऱ्या चालकाने ही खातरजमा आधीच करून घ्यावी. आणखी एक साधी सवय घातक ठरते: थांबताना पाय जमिनीवर टेकणे. ट्राइकवर त्याची गरज नसते, पण टेकलेला पाय मागच्या रुंद चाकाखाली सापडू शकतो. दुचाकी खड्ड्याच्या बाजूने सहज निघते, तीन चाकांच्या तीन वाटांपैकी एक मात्र खड्ड्यातून जातेच. दृष्टी अधू झाली असेल किंवा प्रतिसादाचा वेग मंदावला असेल, तर तिसरे चाक त्यावर काहीच उपाय करत नाही, ही गोष्ट विक्रेत्यांच्या बोलण्यात क्वचितच येते.

म्हणूनच अमेरिकेतील मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था तीनचाकींसाठी निराळा अभ्यासक्रम चालवते. परवान्याचे नियम मात्र एकसारखे नाहीत: कॅलिफोर्नियात मोटारीच्या परवान्यावर ट्राइक चालते, तर ब्रिटनमध्ये १९ जानेवारी २०१३ पासून मोटारीची परीक्षा देणाऱ्यांना, शारीरिक अपंगत्वाची सवलत वगळता, ट्राइकसाठी मोटरसायकलचा पूर्ण परवाना घ्यावा लागतो. पियाजिओची ‘एमपी३’ आणि यामाहाची ‘निकेन’ या पुढे दोन चाके असूनही झुकणाऱ्या गाड्या जुनी सवय मोडू देत नाहीत; पण थांबल्यावर निकेनला पाय टेकावाच लागतो, म्हणजे मूळ अडचण तशीच राहते.

महाराष्ट्रात तिसऱ्या चाकाचा हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. येथील रस्त्यांवर दिसणाऱ्या साइड व्हील लावलेल्या स्कूटर प्रामुख्याने अपंग व्यक्तींच्या असतात. कायद्यातील ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञाही त्यांच्यासाठीच आहे आणि असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. केवळ गुडघे थकलेला ज्येष्ठ चालक त्या वाटेला सहसा जात नाही. तो जवळपास २०० किलोची बुलेट मुलाच्या हाती देतो आणि तिच्या जेमतेम निम्म्या वजनाची, दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकणारी बिनगिअरची स्कूटर घेतो. थांबलेली गाडी पेलण्याचा जो प्रश्न अमेरिकेत चाक वाढवून सोडवला जातो, तो येथे वजन घटवून सोडवला जातो, आणि त्यात हातांची जुनी सवयही शाबूत राहते.