न्यायमूर्ती विवियन बोस आणि अपील-न्यायाची कसोटी

पुलगाव येथील एखाद्या खुनाच्या आरोपाचा निकाल वर्ध्याच्या सत्र न्यायालयात लागला, तरी न्यायाची वाट तेथे संपत नाही. अपिलासाठी ती नागपूरकडे जाते. फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अंमलात येतच नाही. १९३६ पूर्वी ही अपिले ज्युडिशिअल कमिशनरच्या न्यायालयात चालत. त्या वर्षी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि पुलगावच्या बाजूची व नदीपलीकडील वऱ्हाडातील, अशी दोन्ही काठांवरची अपिले त्याच्यापुढे येऊ लागली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हे काम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आले.

नागपूर उच्च न्यायालयाच्या आरंभीच्या न्यायाधीशांत विवियन बोस (१८९१–१९८३) यांचे स्थान मोठे आहे. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले व नागपुरास वकिली करू लागले. १९२४ ते १९३० या काळात ते तेथील विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे सरकारी वकील, जानेवारी १९३६ पासून न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश आणि १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, असा त्यांचा चढता क्रम आहे.

तथापि या कारकिर्दीचे महत्त्व पदांच्या यादीत नाही. कायद्यातील मोघम शब्द कोणाच्या दृष्टीने वाचावयाचा, हा अपील-न्यायाधीशापुढील नित्याचा प्रश्न होय. भगवतीचरण शुक्ल प्रकरणाच्या, १९४७ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या निकालात बोस यांनी त्याचे उत्तर दिले. लिखाणाचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यशील माणसाच्या मापाने मोजावा. प्रत्येक प्रतिकूल मतात ज्यास धोक्याचा वास येतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, असा त्याचा आशय होता.

हेच माप सर्वोच्च न्यायालयातही त्यांच्या हाती राहिले. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवावयाचे हे शासनाच्या इच्छेवर सोडणारी पश्चिम बंगालच्या कायद्यातील तरतूद बहुमताने घटनाबाह्य ठरली. बहुमताशी सहमत होताना बोस यांनी वर्गीकरणाच्या सूत्रावर भर दिला नाही. निःपक्षपाती व निश्चयी मनाच्या माणसास ही वागणूक लोकशाहीतील समतेस साजेशी वाटेल काय, असे त्यांनी विचारले.

अपिलाची सत्ता मोठी असते. म्हणूनच तिला संयम हवा. दलीपसिंग खटल्यात (१९५३) सत्र न्यायाधीशाने दिलेली जन्मठेप उच्च न्यायालयाने वाढवून फाशी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली. कनिष्ठ न्यायाधीशाने विचारास पटण्याजोगी कारणे दिली असतील, तर केवळ आपले मत निराळे म्हणून वरिष्ठ न्यायालयाने जन्मठेपेची फाशी करू नये, असे त्या निकालपत्रात बोस यांनी प्रतिपादिले. साक्षीदार मृताचा नातलग आहे एवढ्यावरून तो खोटा मानता येत नाही, हेही सूत्र त्याच निकालातले.

१९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या प्रक्षेपणास हरकत घेण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचेच ते माप स्वीकारले आणि प्रक्षेपण चालू राहिले. अपील-न्यायाधीशाचा निकाल एका वादाचा शेवट करतो, परंतु त्यातील कसोटी अशा रीतीने पुढील न्यायाधीशांच्या उपयोगी पडते. बोस यांच्या निकालांचा अभ्यास करावयाचा तो याच दृष्टीने.