हॉल ऑफ फेममध्ये नाव कसं लागतं?



२०१८ साली राहुल द्रविडचं नाव आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेममध्ये आलं, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न पडला, "मग सचिन कसा राहिला?" पक्षपात काही नव्हता. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून पाच वर्षं झाल्याशिवाय नाव विचारात घ्यायचं नाही, असा नियम होता. द्रविड २०१२ मध्ये निवृत्त झाला, सचिन नोव्हेंबर २०१३ मध्ये. म्हणून सचिनचा नंबर २०१९ मध्ये लागला. पाच वर्षं थांबायचं कारण साधं आहे. टाळ्यांचा आवाज विरला, की माणसाचं काम नीट दिसतं.

निवड कशी होते हे समजायला अमेरिकेतला बेसबॉलचा हॉल बघावा. तो न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन गावी आहे. पहिलं मतदान १९३६ मध्ये झालं, इमारत १९३९ मध्ये उघडली. खेळाडू निदान दहा मोसम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. एक छोटी समिती नावांची यादी करते. मत मात्र लोक देत नाहीत. बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना आहे, तिचे दहा वर्षं सभासद असलेले पत्रकार मत देतात. एकाला जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात. शंभरात पंचाहत्तर मतं पडली तर खेळाडू आत. पाचापेक्षा कमी पडली तर नाव यादीतून जातं. मधल्यांना फार तर दहा वर्षं संधी मिळते.

नुसते आकडेच बघतात असं नाही. सचोटी, खिलाडूपणा, चारित्र्य हेही बघा, असं नियमातच लिहिलंय. सँडी कूफॅक्स हा ज्यू गोलंदाज आपल्याला जवळचा वाटावा असा. १९६५ च्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना योम किप्पूरला, म्हणजे आपले वाडवडील ज्याला दारफाळणीचा सण म्हणत त्या दिवशी आला. कूफॅक्स खेळला नाही. पुढे शेवटचा सामना त्यानेच जिंकून दिला. कोपराच्या सांध्याच्या दुखण्यामुळे तिसाव्या वर्षीच त्याला खेळ सोडावा लागला. सांध्याचं दुखणं घेऊन रोज तोच हात फिरवणं म्हणजे काय, हे मी नर्स असल्याने सांगू शकते. त्याची कारकीर्द लहान होती, तरी १९७२ मध्ये ३९६ पैकी ३४४ पत्रकारांनी त्याचं नाव लिहिलं. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. उलट पीट रोझने सगळ्यांत जास्त, ४२५६ हिट्स मारल्या, पण पैजा लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर बंदी आली. २०२४ मध्ये तो वारला, तोवर दार उघडलं नाही.

जुन्या, राहून गेलेल्या लोकांसाठी दुसरी वाट ठेवलेली असते. त्यांचा विचार वेगळी समिती करते. क्रिकेटमध्येही २०२१ साली जुन्या काळांतले दहा खेळाडू खास निवडले, त्यांत विनू मंकड होते. ते १९७८ मध्येच गेले होते. मुंबईच्या डायना एडलजींचं नाव २०२३ मध्ये आलं. या हॉलमध्ये जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

इतक्या वर्षांनी निवड होते ती कशाच्या जोरावर? कुणीतरी स्कोअर लिहून जपून ठेवला, त्याच्या जोरावर. निवडणाऱ्यांनी ते खेळ डोळ्यांनी पाहिलेले नसतात. कागद नाही, तर नाव नाही.

इथे नेतान्याजवळ विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये ज्यू खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेम आहे. कूफॅक्सचं नाव तिथेही आहे. आपल्या समाजातले ज्यूडा रूबेन कसोटी सामन्यांचे पंच होते, त्यांची नोंद क्रिकेटच्या पुस्तकांत सापडते. पण अश्दोद, दिमोना, बेर शेवा, लोद इथे आपल्या माणसांनी क्रिकेट रुजवलं, त्यांच्या नोंदी कुठे आहेत? घरात जुनी स्कोअरबुकं, फोटो, कात्रणं असतील तर टाकू नका. फोटोच्या मागे नावं आणि साल लिहा. ओळखणारे आपण आहोत तोवर लिहून घेऊ या.